कड्यावरच्या वाटेचं नाव

शालूनं दोर कमरेच्या पट्ट्याला बांधला, गाठ ओढून पाहिली आणि कड्याला हात टेकवून नुसतीच उभी राहिली. तोंडातून शब्द काढीना. मागं दोर धरून उभे असलेले नानासाहेब तिच्या आवाजाची वाट बघत होते.

पिशोरच्या बाजूच्या या काळ्या कड्यावर त्यांच्या कडे चढणाऱ्या मंडळाची एक रीत होती. चढणाऱ्यानं वाटेचं नाव मोठ्यानं घ्यायचं, खाली दोर सांभाळणाऱ्यानं तेच परत म्हणायचं आणि मगच पाय उचलायचा. नाव ठेवायचा मान मात्र ती वाट पहिल्यांदा चढणाऱ्याचा. तो असेतोवर दुसऱ्या कुणी त्या नावाला हात लावायचा नाही. इथल्या बहुतेक वाटा नानासाहेबांनीच पहिल्यांदा चढलेल्या, त्यामुळं नावंही त्यांचीच. आणि सगळ्यांत अवघड, ज्या वाटेनं त्यांना संभाजीनगरात नाव मिळवून दिलं, तिचं नाव होतं ‘मेंढक्याची अक्कल’.

शालू मेंढक्यांच्याच घरची. बाप भिकन अजून मेंढरं राखतो, आई बानाबाई लोकांच्या रानात खुरपायला जाते. पोरगी बिडकीनच्या एका कंपनीत आठवडाभर उभं राहून काम करते आणि सुट्टीच्या दिवशी कड्यावर येते. तिला इथं आणलं नानासाहेबांनीच. बूट त्यांनी घेऊन दिले, बोटं सोलवटली तेव्हा हळद त्यांनी लावली. घरची बागायत, शहरात नोकरी, पण पोरीला शिकवताना कधी मोठेपणा नाही. असा गुरू दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. म्हणून तर आजवर ती ते नाव घशातल्या घशात पुटपुटत आली होती. लोकांना वाटायचं, पोरगी लाजाळू आहे. कसली लाजाळू! गिळत होती बिचारी.

आज मात्र बानाबाई लेकीचं चढणं बघायला पहिल्यांदाच आली होती, सगळ्यांसाठी भाकरी बांधून. आणि वाटांच्या नावांची मोठी पाटी शहागंजातल्या पेंटरकडं रंगायला जायची होती. कड्याखाली, गावाच्या पायवाटेवर ती कायमची उभी राहणार होती.

“घे की नाव,” नानासाहेब म्हणाले.

“नाय घेत.”

“आँ?”

“आई बसलीय समोर. तिच्यापुढं मी हे नाव घेणार नाय. आन खरं सांगू का नाना, तिच्या माघारीबी आता घेणार नाय. पाटीवरबी नगं ते.”

मोबाईलवर चढाईचं चित्रण करायला आलेल्या प्रेरणानं, मंडळातल्या शालूच्या मैत्रिणीनं, हात खाली घेतला. नानासाहेब हसले. अवघड गोष्ट हसण्यावारी न्यायची त्यांची जुनी खोड.

“अगं, वर वाट चुकते, अक्कल चालत नाही, त्याची गंमत आहे ती. कुणाला उद्देशून थोडीच ठेवलंय?”

“वर त्या मधल्या भेगेपाशी वाट चुकून उजवीकडं कोण गेलं होतं, नाना?”

“मी.”

“अडकलं कोण?”

“मीच की.”

“मग अक्कल आमची कामून काढली?”

ज्यानं हाताला धरून चढायला शिकवलं, त्याला तोंडावर असं विचारायचं म्हणजे वाघाचं काळीज पाहिजे. नानासाहेब चिडून दोर टाकून निघून गेले असते, तर शालूचं चढणं तिथंच संपलं असतं. तिच्यासाठी दुसरं कोण दोर धरणार होतं? हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिनं नजर खाली केली नाही.

तेवढ्यात बानाबाईच मधे पडली. “जाऊ द्या भाऊ. पोरीला समजत नाय. आमाला सवय हाय असल्या बोलण्याची.”

लेकीच्या प्रश्नापेक्षा आईची ही समजूत नानासाहेबांना जास्त झोंबली. त्यांचा चेहरा उतरला.

“असं करू,” ते शेवटी म्हणाले. “ही वाट मी चढलोच नाही असं समजा. आज तू चढ. पहिली तूच. नाव तू ठेव.”

आयुष्यभराची कमाई त्यांनी एका वाक्यात देऊन टाकली. प्रेरणानं तर टाळीच वाजवली. दुसरी कुणी असती तर पाया पडून घेतलं असतं. शालूनं मान हलवली.

“नाय, नाना. चढला तुमीच. तुमच्यासारखं कोन चढलंय इथं? ते खोटं नगं करायला. नाव तुमी ठेवलंय, तुमीच बदला.”

उदार होऊन निसटायची वाटही पोरीनं बंद केली. नानासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. आपल्या हातून घडलेलं माणूस आपल्यापेक्षा उंच झालेलं बघण्याचं सुख असतं, ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि कड्याकडं तोंड करून ओरडले, “नानाची अक्कल!”

बानाबाई दचकून उठलीच. “आवं भाऊ, असलं नाव नगा देऊ! पाटीवर रंगवत्याल. तुमच्यासारख्या मानसाला लोक हसतील.”

“हसू द्या, बानाबाई,” नानासाहेब म्हणाले. “इतकी वर्षं तुम्हाला हसले, तेव्हा मी कुठं कुणाला थांबवलं?”

बानाबाई होती तिथंच खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

शालूनं ते नवं नाव घेतलं, कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं. खालून नानासाहेबांनी तेच परत म्हटलं. पण पाय उचलायला तिला जरा वेळच लागला. समोरचा दगड नीट दिसेपर्यंत तिला दोनदा डोळे पुसावे लागले.