मागच्या फांदीवरचं हृदय

मी बोलतोय, नाताळच्या झाडामागून. कागदाचं तांबडं-पांढरं हृदय आहे मी, डावीकडे जरा सुजलेलं. उगाच गालगुंड झालंय की काय असं विचारू नका, तो डिंक आहे.

माझा जन्म स्वेनबोर्ग गावच्या एका बालवाडीत, नाताळच्या कात्री-डिंकाच्या दिवशी झाला. माझी जन्मदात्री आस्ता तेव्हा पाच वर्षांची होती. हृदय विणताना एक पट्टी दुसरीच्या पोटातून काढायची, म्हणजे ते बटव्यासारखं उघडतं आणि त्यात मसाल्याची बिस्किटं मावतात. आस्ताने पट्ट्या चटईसारख्या वर-खाली घातल्या. त्या सुटायला लागल्या तशी अर्धी बाटली डिंक ओतला. झालं! माझं तोंड कायमचं बंद.

तिच्या बोडिलआजींच्या घरी कडक नियम होता. जे हृदय उघडत नाही, ते झाडावर चढत नाही. आजींनी बोट घालून पाहिलं. "अगं बाई, हे उघडतच नाही!"

"राहू दे आई, कपाखाली ठेवायला होईल," प्रेबेनकाका म्हणाला.

मला पटलं. पण आस्ताचा ओठ थरथरायला लागला. "आजी, लावशील ना गं?"

"लावते हो," आजी म्हणाल्या, आणि ती खेळायला गेल्यावर मला मागे, भिंतीच्या बाजूला अडकवलं. समोर भिंत आणि एक गंजका खिळा. संध्याकाळभर आस्ता मला पुढच्या फांद्यांवर शोधत होती. मला फार वाईट वाटलं.

जेवणं झाली. दरवर्षीसारखं सगळ्यांनी झाड ओढून खोलीच्या मधोमध आणलं, मेणबत्त्या लावल्या, हात धरले आणि गात झाडाभोवती फेर धरला. स्वतःच्या घरातला फेर आजी साफ विसरल्या होत्या!

"माझं!" आस्ता जागीच थांबली. काका आजींवर आदळला. "आजी, तू याला मागे लपवलंस?"

आजी माझ्याइतक्या तांबड्या झाल्या. "लपवलं कुठे गं? फेर कुठून सुरू करायचा ते कळायला नको? ती खूण आहे."

धडधडीत खोटं! पण आस्ताने सगळ्यांना पुन्हा माझ्यासमोर उभं केलं आणि पहिल्यापासून गायला लावलं.

त्याला एकवीस वर्षं झाली. माझा डिंक पिवळा पडलाय, खालचं टोक कसरीने खाल्लंय, आणि बिस्किटाचा चुरासुद्धा कधी पोटात गेलेला नाही. आज आजी खुर्चीत बसून होत्या, झाड आस्ताने सजवलं. तिने मला अगदी पुढे, शेंड्यावरच्या ताऱ्याखाली लावलं. काय सांगू, असा फुगलो की उरलासुरला डिंक तडकला!

तेवढ्यात आजींनी चष्मा सावरला. "अगं, तिथे काय लावतेस त्याला? मागे लाव. फेर कुठून सुरू करायचा मग?"

आता पुन्हा समोर भिंत आहे, आणि तोच खिळा. पलीकडे ताटं वाजताहेत. बाबांनो, जेवणं उरका की लवकर.