उलट्या मुठीचा डबा

"आणि माणसं कुठे आहेत?" नर्सबाईंनी विचारलं.

"बुटांच्या खोक्यात," मामा म्हणाले. मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तसं.

छोटी रेल्वे बंद पडून जमाना झाला. तिच्या जुन्या फोटोंवरून कुठला डबा कुठला ते ओळखणं, हा माझ्या मामांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. खिळ्यांच्या ओळी, खिडक्यांच्या चौकटी, छपरावरचे झरोके पाहून ते डब्याचं कूळ सांगत. अडचण माणसांची. ती फोटोत नेमकी डब्यासमोर उभी राहायची. म्हणून मामांनी नखं कापायच्या कात्रीने त्यांना कापून काढलं होतं. मामी म्हणायची, आमच्या लग्नाच्या फोटोत मागे भिंत होती, म्हणून मी वाचले.

नर्सबाई रांगायला लागायच्या आतच त्यांची आई गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता. चेहरा आठवण्याचा प्रश्नच नव्हता. वडिलांनी एवढंच सांगितलेलं की आई ह्या छोट्या रेल्वेच्या यार्डात एकच डबा धुवायची, ज्याच्या दाराची मूठ उलटी बसवली होती. त्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. त्या डब्याच्या फोटोत आई सापडते का, ते बघायला त्या मामांकडे आल्या होत्या.

मामा भिंग घेऊन फोटो बाजूला सारत गेले आणि एकावर थांबले. दार, उलटी मूठ, आणि शेजारी माणसाच्या आकाराचं भोक.

मामांचा चेहरा पडला.

आम्ही खोकं उपडं केलं. टेबलावर माणसांची झुंबड उडाली. एक गार्ड बसवून पाहिला, त्याचं पोट मावेना. स्टेशनमास्तर गुडघ्यापर्यंत छान बसले, पुढे त्यांनी सहकार्य केलं नाही. नर्सबाई प्रत्येकाला, रोग्याला खाटेवर निजवावं तसं अलगद भोकात ठेवत होत्या.

शेवटी एक बाई बसली. कोपर, बादली, सगळं चपखल. बाह्या वर सारलेल्या, आणि फोटोवाल्याकडे बघणं असं की बाबा रे, लवकर आटप, मला कामं आहेत.

"नाक माझंच आहे," नर्सबाई म्हणाल्या.

मामा माफी मागायला लागले. नर्सबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. "कापलंत खरं, पण फेकलं नाहीत. आमच्या घरात तेवढंही कुणी केलं नाही हो. फार उपकार झाले."

"उपकार तुमच्या आईंचे," मामा म्हणाले. "बाकीच्या डब्यांवर काजळी असते, मी अंदाजाने ओळखतो. ह्याचा खिळा न् खिळा दिसतोय. इतका लख्ख डबा मी दुसरा पाहिला नाही."

शाळेत लेकीचं कौतुक ऐकावं, तशी नर्सबाईंनी मान हलवली.

मामांनी गोंद लावला. वाळायला वेळ लागेल, उद्या घरी आणून देतो, म्हणाले. त्या नको म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिल्या, आईचं काम आटपायची वाट बघत बसावं तशा.