सावडीचा बैल

विक्रोळी स्टेशनाबाहेर धाकू सापडेस्तोवर महादूला उन्हं चटके द्यायला लागली होती. सिमेंटच्या दुकानापुढं धाकू हातगाडीवर गोण्या रचत होता. महादूला बघितलं आणि हातातली गोणी घसरलीच त्याच्या.

"फोन का उचलत न्हाईस रं?" महादूनं रामरामसुद्धा घातला नाही.

आता ह्या दोघांचं असं, की तिकडं माणदेशात दोघांची रानं बांधाला बांध लागून. दावणीला मात्र एकेकच बैल. म्हणून बारा वर्षं सावड चाललेली. महादूचा पवळ्या उजवीकडं, धाकूचा चांद्या डावीकडं. दोन्ही जुंपायचे, आधी याचं रान पेरायचं, मग त्याचं. टेकाडावरच्या त्या चिंचोळ्या तुकड्यांत ट्रॅक्टर वळतच नाही. चांद्याला बाहेर ओढायची खोड तेवढी होती, बाकी गुणी बैल. पावसानं तीन वर्षं दगा दिला, तसा उन्हाळ्यात धाकू निघाला. चांद्याला सासुरवाडीला चाऱ्यावर ठेवतो आणि मुंबईला जातो, म्हणाला. महादूच्या बायकोनं, जयानं, बैलाला कुंकू लावून निरोप दिला होता.

"पाऊस झाला," महादू म्हणाला. "साऱ्या वर्साचा दोन तासांत वतला. निम्मी माती वड्यानं नेली. पर उरल्यात वापसा आलाय, पेरण्याजोगी वल हाय. दोन-तीन दिसांत पाभर चालली तर जुंधळा उगवंल, न्हायतर ह्ये वर्स बी गेलं. तू येऊ नगंस. सासऱ्याला फोन तेवढा कर, बैल मी नेतो." पिशवीतली नवी वेसण त्यानं काढून दाखवली. स्वतःच्या हातानं वळली होती बिचाऱ्यानं.

धाकूनं वेसणीकडं बघितलंच नाही.

"बैल न्हाय तिथं. वैशाखातच इकला. सासऱ्याकडं बी चारा न्हवता. उभ्या उभ्या वाळाय लागला, बगवंना मला. कुणी नेला त्ये इचारू नगंस."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"कंच्या तोंडानं सांगू? त्यो तुजा बी हुता."

महादूचा हात उठला होता, तो तसाच खाली आला. मग त्यानं घरी फोन लावला. गावातल्या सीतारामचा बैल एक दिवस मागून बघ, म्हणाला जयाला.

"आता कशाला?" जया म्हणाली. "सकाळी रानात जाऊन आले. कालपास्नं वैशाखावानी ऊन हाय. माती हातात घेतली तर नुसता भुगा. आता पेरलं तर बियाणं बी जाईल." मग जरा थांबून म्हणाली, "दारात कुणी आलं की पवळ्या हंबरतोय. चांद्या आला वाटतं त्याला. तुमी यायची घाई करू नगासा. तिथंच काय काम मिळतंय का बगा."

फोन बंद झाला तरी महादूनं तो कानापासून काढला नाही. भर रस्त्यात त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ए धाकू," दुकानदारानं आतून हाक मारली, "तुझा जोडीदार आज पण नाय आला ना? कन्नमवार नगरला माल कधी पोचणार?"

धाकू दांडीत शिरला, डावीकडं. रोजचीच जागा त्याची. उजवी बाजू मोकळी होती.

महादूनं पिशवी गोण्यांवर ठेवली. पायजमा वर खोवला आणि उजवीकडं जाऊन दांडीला छाती लावली. गाडी हलली. मोठ्या रस्त्याला लागली तशी ती डावीकडं ओढू लागली.

"भाईर वढू नगंस," महादू म्हणाला. चांद्याला तो असंच म्हणायचा.