वळणाच्या आतून

वांगणीच्या माळावर प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन आटोपलं, तरी माणसं घरी जायला तयार नव्हती. गवतावर फोमची सहा बॉम्बर विमानं मांडून ठेवली होती. त्यांच्यामागे रिमोट छातीशी धरून मांजर्लीचे अप्पा उभे होते, बोहल्यावरच्या नवरदेवासारखे घाबरलेले.

घाबरायला कारण होतं. अप्पांचा उजवा अंगठा हल्ली थरथरायचा. सरावात त्यांनी विमान दोनदा मातीत घातलं, तेव्हा मुलगा वरद म्हणाला, "अप्पा, बास आता. लोकं हसतील." झालं, अप्पांचा पारा चढला. "सव्वीस जानेवारीला माझं विमान पडलं तर रिमोट कायमचा कपाटात!" असं बोलून बसले. बोलून बसायची त्यांची खोड जुनीच.

हे वेड मुळात त्यांचंच. त्यांचे वडील महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर व्हेंजन्स बॉम्बरमध्ये मागच्या मशीनगनवर होते. तोंड शेपटीकडे, त्यामुळे मागे कोण राहिलं ते आधी त्यांना दिसायचं. त्यांच्याकडून ऐकलेली रीत अप्पांनी माळावर सोबत विमानं उडवणाऱ्या या मंडळींच्या गळी उतरवली. लीडर आधी उडतो आणि सावकाश घिरट्या घालतो. बाकीच्यांनी त्याच्या शेपटीमागे धावायचं नाही, वळणाच्या आतून आडवं जाऊन त्याला गाठायचं. एकदा जुळलं की नजर शेजाऱ्याच्या पंखावर. इथेच सगळे फसायचे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा अल्पेश तर स्वतःचंच विमान कौतुकाने बघत बसायचा आणि दुसऱ्याच्या अंगावर जायचा. वर प्रत्येकाला लीडर व्हायचं होतं! शेवटी अप्पांनी सुनेला पुढे केलं. राजसी अंबरनाथला कारखान्यात इंजिनिअर. हात स्थिर, डोकं थंड. त्यांच्या घरात दोन्हींचा दुष्काळच होता.

शेवटचा नियम सर्वांत कडक होता. मागे पडलेल्यासाठी लीडरने उलटं फिरायचं नाही. फिरला तर सगळी रांग मोडते आणि सगळेच मरतात. वडिलांचा दोस्त हरिचंद्र असाच मागे पडला होता. त्याचं विमान ठिपक्याएवढं होऊन दिसेनासं होईपर्यंत वडील बघत राहिले. "लीडरचं बरोबर होतं," असं ते म्हातारपणीही सांगायचे, आणि ज्या दिवशी सांगत त्या दिवशी जेवत नसत.

राजसीचं विमान उडालं, माळावर घिरट्या घालू लागलं. एकेक जण आतून जाऊन तिला मिळाला. सगळ्यात शेवटी अप्पा. तेही जुळले, आणि माळावर टाळ्यांचा कडकडाट झाला. रांग सरळ डोंगराच्या दिशेने निघाली, तोच वाऱ्याचा झोत आला. अंगठा थरथरला. अप्पांचं विमान गचके खात खाली गेलं, कसंबसं सावरलं, पण बाकीची पाच पार पुढे निघून गेली होती.

वरदने हात पुढे केला. "द्या इकडे, मी उतरवतो."

"हात लावू नकोस!" अप्पा ओरडले. "राजसी, फिरू नकोस! सरळ जा!" पुढचे पंख लहान होत चालले होते.

राजसी फिरली नाही. तिने वेग थोडा कमी केला आणि पुढे घ्यायचं ठरलेलं डावं वळण आत्ताच घेतलं, चांगलं मोठं आणि सावकाश.

"वहिनी, टर्न अभी कहाँ? पुढे आहे ना!" अल्पेश गडबडला.

"माझ्या पंखाकडे बघ, अल्पेश."

आणि अल्पेशने चक्क बघितलं. पाचही विमानं एका ताटात वाढल्यासारखी वळली. अप्पांच्या ध्यानात आलं. त्यांनी डावा तळवा अंगठ्याखाली टेकवला, विमान डावीकडे कललं आणि वळणाच्या आतून आडवं निघालं. अंगठा थरथरतच होता, थरथरू दे! अल्पेशच्या पंखाशेजारी त्यांची जागा रिकामी होती. तिथे ते जाऊन बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

सहाही विमानं गवतावर उतरली.

"वळण आधी का घेतलंस?" अप्पांनी आवाज चढवायचा प्रयत्न केला.

"उलटी नाही ना फिरले?" राजसी हसली. "आतून कसं यायचं ते तुम्हाला ठाऊक होतंच, अप्पा."

कुंपणापलीकडून कुणीतरी विचारलं, लीडर कोण होता हो?

"होता नाही, होती!" अप्पा अख्ख्या माळाला ऐकू जाईल असे गरजले. "माझी सून आहे ती!"

वरदने रिमोट ठेवायला पिशवी उघडली. अप्पांनी रिमोट काखेत मारला आणि डोळे पुसत राजसीला म्हणाले, "आज बाबा असते ना, तर पोटभर जेवले असते."