बंद खोलीची चौकशी

"मग ती एकटीच कंदील घेऊन जिना चढली?" डाळ निवडता निवडता आईनं विचारलं. "कमाल आहे! घरात इतके नोकर, एखाद्याला सोबत न्यायला काय झालं होतं?"

"तसं केलं तर गोष्टच संपेल, आई."

दिवाळीच्या सुट्टीचा माझा बेत पक्का होता. कॉलेजच्या लायब्ररीतून जाडजूड इंग्रजी भयकादंबऱ्या आणायच्या आणि दुपारी आईला मराठीत सांगायच्या. सगळ्यांत चक्कर एकच: कोवळी मुलगी, डोंगरावरचं अवाढव्य घर, कमी बोलणारा नवरा आणि कुलूप लावलेली एक खोली. यात भ्यायचं काय, ते मला कळत नसे. आमच्या उज्जैनला क्षिप्रेकाठी इकडे चिता जळते, तिकडे बायका धुणी धुतात. मेलेल्यांचं इथे कुणाला काही वाटत नाही. आई मात्र कान देऊन ऐके. भुतं आली की म्हणे, "ते फालतू सोड. खोलीत काय होतं ते सांग."

त्याच सुमारास मध्यभारत मोडून नवं राज्य झालं आणि बाबांचं ऑफिस भोपाळला निघालं. माधवनगरातलं बिऱ्हाड हलवण्याआधी त्यांना मला उजवून टाकायचं होतं. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं आणि ते मला पुरं करायचं होतं. तसं मी सांगितलंही होतं, पण ऐकतंय कोण!

ग्वाल्हेरचं स्थळ आलं. मधुकरराव वकील होते, बिजवर होते. सोबत त्यांच्या आई, ताईसाहेब.

"फावल्या वेळात काय करतेस?" ताईसाहेबांनी विचारलं.

"भुताच्या कादंबऱ्या वाचते." हे ऐकून तरी उठतील, अशी माझी आशा.

त्या चक्क हसल्या. "वाच की! आमचं घर मोठं आहे. मागची खोली तेवढी बंद असते, बाकी सगळं तुझंच."

बाबांचा चेहरा खुलला.

मुलीच्या आईनं अशा वेळी दाराआड उभं राहायचं असतं. आई तिथूनच बोलली, "मागच्या खोलीत काय आहे?"

ताईसाहेबांनी बशी खाली ठेवली. "पहिल्या सुनेचं सामान."

"त्या कशानं गेल्या?"

"तू आत जा," बाबा म्हणाले.

"जाते. कशानं गेल्या?"

ताईसाहेब उठल्या. "आमच्याकडे असली चौकशी करायची पद्धत नाही."

टांगा गेल्यावर बाबांचा भडका उडाला. "टायफॉइडनं गेली ती! अख्ख्या ग्वाल्हेरला ठाऊक आहे. खोलीत तिची शिलाई मशीन असेल, आणखी काय असणार? खामखा चांगलं स्थळ घालवलंस!"

"मग तसं सांगायचं. उठून कशाला गेले?" आईनं विचारलं.

"अगं, असं विचारतं का कुणी?"

"नाही विचारत," आई म्हणाली.

ती देवघरातून एक टाक घेऊन आली. अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. रोज सकाळी ती त्याला गंध लावायची. मी समजत होते, कुलदेवी असेल. तो तिनं माझ्या हातावर ठेवला.

"ही यांची पहिली. मला लग्न लागल्यावर कळलं. सासूबाई म्हणाल्या, हिला रोज गंध लाव, म्हणजे त्रास देणार नाही. सोळा वर्षांची होते मी. महिनाभर झोप नव्हती बघ." मग म्हणाली, "माझ्या वेळी कुणी विचारलंच नाही गं."

मला तिची इतकी दया आली की बाबांचा रागच आला. बाबा टाकाकडे बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॉलेज उघडलं की मुलींच्या वसतिगृहाचं विचारून ये."

आईनं टाक पदरानं पुसून जागेवर ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन आपलं ताट वाढून घेतलं आणि बाबांना हाक न मारता जेवायला बसली.