अकरा सुईणींची हजेरी

झेनोबिया क्रचर एकसष्ट वर्षांची झाली तोवर तिच्या हातांनी बाराशेच्या वर बाळं जगात आणली होती. अलाबामाच्या त्या आडगावात डॉक्टर न परवडणाऱ्या गोऱ्यांच्या घरचीही शंभरेक त्यांत होती. तरी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी परवान्यासाठी तिला आरोग्य कचेरीत हजेरी लावावी लागे. हजेरीला अकरा सुईणी यायच्या, अकराच्या अकरा काळ्या. त्यांची नावं पुकारायला चोवीस वर्षांचा गोरा क्लार्क, क्लाइड डनवे.

एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या मार्चातली गोष्ट. सुईणी बाकावर बसल्या होत्या, तेवढ्यात जन्माचा दाखला मागायला एक गोरी मुलगी आली. वय अठरा, तोंडात च्युइंगम.

"या मिस टेरी, बसा ना," क्लाइड म्हणाला. तिचं काम झाल्यावर त्याने वही उघडली. "झेनोबिया."

झेनोबिया बसून राहिली. ठरवून आली होती असं नाही, तोंडच उघडेना.

"झेनोबिया, ऐकू येत नाही का गं?"

"ऐकू झकास येतं," ती म्हणाली. "माझं नाव मिसेस क्रचर. भर चर्चमध्ये पाद्रीबाबांनी ते मला दिलंय. वापरून बघा, झिजायचं नाही."

क्लाइडचे कान लाल झाले. "काळ्या बायांना इथे कुणी मिसेस म्हणत नाही. गैरहजर लिहितो मग."

"लिहा."

आवाज शांत होता, पण तिला पक्कं ठाऊक होतं: परवाना गेला तर सदतीस वर्षांचं काम गेलं.

"पर्ली," क्लाइडने पुढचं नाव घेतलं.

पर्ली गेन्सशी झेनोबियाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. चर्चच्या जेवणात रताळ्याची पाई, म्हणजे गोड सारणाची भाजलेली पोळी, कुणाची चांगली यावरून दोघींची जुंपली होती. पर्लीने आढ्याकडे पाहिलं. "इथे पर्ली कुणी नाही. मिसेस गेन्स आहेत, त्या बसल्यात."

मग एकीमागून एक तेच. शेवटचा नंबर आयडेला बँक्सचा, वय चौऱ्याहत्तर. "मला मात्र मिस म्हणा," ती म्हणाली. "माझं अजून जमायचंय." सगळा बाक हसण्याने हलला. क्लाइडने अकरा वेळा गैरहजर लिहिलं. पेनाचं निब वाकलं.

बाहेर आल्यावर पर्लीने झेनोबियाला गाठलं. "तुझ्यासाठी नाही हं केलं. माझं नाव आहे म्हणून केलं."

"कळलं."

"आणि तुझ्या पाईबद्दल माझं मत तेच आहे."

"तेही कळलं," झेनोबिया म्हणाली, पण दोन वर्षांत पहिल्यांदा दोघी एका वाटेने घरी गेल्या.

नवरा रॉस्को अंगणात कुंपण ठोकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे आता मला जेवण वेळेवर मिळणार?" तिने हातातला टॉवेल त्याच्या पाठीत हाणला आणि मग पायरीवर बसून थोडी रडली. तो हातोडा ठेवून शेजारी बसला.

बाळांना मात्र हजेरीवहीशी काही देणंघेणं नसतं. बुधवारी सकाळीच पहिला बाप दारात धापा टाकत आला. झेनोबियाने त्याला सांगितलं, "आरोग्य कचेरीच्या डॉक्टर लॅनियरना फोन कर. म्हणावं, सुईणी कागदावर गैरहजर आहेत, त्यांना बाळंतपण करता येत नाही." आणि स्वतः त्याच्या घरी जाऊन बाळंतिणीचा हात धरून बसली. आईला किंवा बाळाला काही होतंय असं दिसलं तर कायदा चुलीत, एवढं सगळ्याजणींनी आपापसात ठरवलं होतं. पण नडलं नाही. तासाभराने डॉक्टर आले, गुडघ्यापर्यंत चिखलात.

गुरुवारी त्यांची गाडी ओढ्यात रुतली आणि खेचराने ओढून काढावी लागली. शनिवारपर्यंत पाच बाळंतपणं झाली. पाचव्या बाळाची नाळ कापून डॉक्टर खुर्चीत कोसळले. त्यांचे डोळे गाजरासारखे लाल होते.

"तुम्ही बायका इथे बसून आहात," ते म्हणाले, "मग गैरहजर कशा?"

"नावात अडलंय, डॉक्टर," झेनोबिया बाळाला दुपट्यात गुंडाळत म्हणाली. "तुमच्या क्लार्कला ते पूर्ण घेता येत नाही."

डॉक्टरांनी बराच वेळ तोंडावरून हात फिरवला. "मला कुठली क्रांतीबिंती करायची नाही. मला झोप हवीय."

"झोपेनेच सुरुवात करू या."

सोमवारी अकराजणींना पुन्हा बोलावणं आलं. डॉक्टर दाराशी उभे होते. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून क्लाइड म्हणाला, "मिसेस क्रचर."

"जरा मोठ्याने. मागच्यांना ऐकू जात नाही."

"मिसेस क्रचर!"

झेनोबियाला वाटलं होतं, हसू येईल. आठवली मात्र आई. सत्तर वर्षं लोकांचे कपडे धुतले तिने, आणि गोऱ्या तोंडून असं नाव एकदाही न ऐकता गेली. "हजर," झेनोबिया म्हणाली. मागच्यांसाठी पुन्हा मोठ्याने म्हणाली, "हजर आहे."

मिस बँक्सचं नाव आलं तेव्हा आयडेलाने डोळे मिटले. "पुन्हा एकदा म्हणा, मिस्टर डनवे. कानाला बरं वाटतं." या वेळी डॉक्टरही हसले.

त्या दुपारी पर्लीच्या ओट्यावर कोंबडी आणि मक्याची भाकरी खाताना पर्लीनेच विषय काढला. "शुक्रवारी कोर्टात मतदार नोंदणी आहे. काळ्यांची आधी परीक्षा घेतात; मी दोनदा नापास झालेय."

"काय विचारतात?"

"साबणाच्या वडीतून बुडबुडे किती निघतात, असलं काहीतरी."

शुक्रवारी सहाजणी गेल्या. त्या दिवशी मतदार यादीत नाव एकटीचंच लागलं, तेही मिस बँक्सचं. तिने बुडबुड्यांचं उत्तर काय दिलं ते कुणालाच सांगितलं नाही. झेनोबियाला आणखी दोन वर्षं लागली. ती नऊ वेळा गेली, दर वेळी डबा घेऊन. कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून जेवताना तिच्याभोवती दर वेळी माणसं वाढत गेली.