न सुटलेली पट्टी

कायद्यात दुरुस्ती झाली की आमच्या राष्ट्रीय विधी ग्रंथालयात नव्या मजकुराची छापील पट्टी येते आणि खळवाले काका ती जुन्या कलमावर डकवतात. अठ्ठावीस वर्षांत आपली एकही पट्टी सुटलेली नाही, हे ते जेवतानाही सांगतात.

परवा एक वकीलबाई धापा टाकत आल्या. "काका, पट्टीखालचं जुनं कलम हवंय. दोनला सुनावणी आहे. ते दाखवलं नाही तर ते कलम लागू असताना बांधलेलं माझ्या अशिलाचं घर पाडतील."

"माझी पट्टी निघत नसते, बाई."

"मग तुम्हीच या घर पाडायला!"

काकांनी तोंड पाडून पट्टीला चहाच्या किटलीची वाफ दिली. पाऊण तासाने पट्टीचा लगदा झाला आणि खालचं कलम दिसलं. बाई ग्रंथ घेऊन धावल्या. घर वाचलं.

काका मात्र दोन दिवस जेवणाच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. शेवटी ग्रंथपालांनी नोंदवहीत लिहिलं, "पट्टी सुटली नाही, काढण्यात आली," आणि खाली शिक्का मारला.

काकांनी ते दोनदा वाचलं आणि डबा उघडला.